मधली जाळी

१

सकाळी सातला प्रयोगशाळेत पोचले की मी चपला बाहेर काढते, घरचे कपडे कपाटात कोंबते आणि कामाचे चढवते. मग हातमोज्यांचे दोन जोड, तोंडाला मास्क, त्यावर पारदर्शक ढाल. आरशासमोर उभं राहून स्वतःला विचारायचं, कुठे काही उघडं राहिलं का? सोळा वर्षं झाली, पण हे विचारल्याशिवाय मी तीन नंबरच्या खोलीत पाऊल टाकत नाही. माझ्यानंतर लागलेल्या दोघींना माकडं चावली आणि त्या काम सोडून गेल्या. मला साधा ओरखडा नाही. नशीब म्हणणारे नशीब म्हणोत, मी त्याला शिस्त म्हणते.

खोलीत एका ओळीत पिंजरे आहेत आणि पिंजऱ्यांत माकडं. सगळ्यांना एकच विषाणू टोचलेला. माणसांतला जो रोग शरीराचे पहारेकरीच खाऊन टाकतो, त्याचा हा माकडांतला चुलतभाऊ. गंमत अशी, की टोचणी एक, माप एक, पण कोणी वर्षभरात झिजून जातं आणि कोणी दहा वर्षं टुणटुणीत राहतं. हा फरक एका जनुकाचा. विषाणू पेशीत शिरला की त्याचा एक तुकडा दारात टांगायचा, म्हणजे पहारेकऱ्यांना चोर ओळखू येतो, एवढंच त्या जनुकाचं काम. ज्याचं जनुक मोक्याचा तुकडा टांगतं, त्याचा विषाणू दबून राहतो. ज्याचं भलतंच काहीतरी टांगतं, त्याचं आटोपलं. डॉक्टरांनी मला हे तासभर समजावलं होतं, मी तुम्हाला दोन मिनिटांत सांगितलं.

आमच्याकडे नियम असा, की जी माणसं माकडांना खाऊ घालतात आणि त्यांच्या नोंदी लिहितात, त्यांना कोणाचं जनुक कसं आहे ते कळता कामा नये. कळलं की माणसाची नोंद वाकडी होते. म्हणून तो कागद डॉक्टरांच्या कपाटात कुलपात असतो. पण रक्ताची तपासणी करणारी जी चष्मेवाली आहे, ती रोज चारला माझ्याबरोबर चहा पिते. चहापुढे कुलपाचं काय चालणार?

ओळीच्या सुरुवातीला, दाराजवळ, मुकादमीण. हे नाव मीच ठेवलं. टोचून अकरा वर्षं झाली आणि तिच्या रक्तात विषाणू शोधूनही सापडत नाही. दर दोन पिंजऱ्यांच्या मध्ये एक पत्रा असतो. तो सकाळी ओढून काढला की रुंद गजांची जाळी उरते आणि शेजारणींना एकमेकींच्या अंगाला हात लावता येतो. मग दिवसभर केस वेचणं चालू. ज्याला कोणी वेचत नाही ते माकड खचतं, खायचं सोडतं. म्हणून नव्या माकडाला पहिले चार दिवस मुकादमिणीच्या शेजारी ठेवायचं, ही आमची जुनी पद्धत. तिने एकदा हात फिरवला की नवं माकड रुळलं म्हणून समजायचं.

२

त्या वर्षी सहा तरुण माद्या आल्या. आल्या आल्या वेगळ्या खोलीत ठेवून मी त्यांचं रक्त काढलं, नळ्या तपासणीला गेल्या, आणि चौथ्या दिवशी चष्मेवालीने चहात बिस्कीट बुडवता बुडवता निकाल सांगितला.

"पहिली चांगली, दुसरी वाईट. तिसरी चांगली, चौथी वाईट. पुढेही तसंच. देवाने अगदी पत्ते वाटल्यासारखी वाटलीत बघ."

"म्हणजे दोन, चार आणि सहा?"

"वर्षभराच्या पाहुण्या," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. त्या कामात हसलं नाही तर माणूस टिकत नाही.

पहिलीला मुकादमिणीने लगेच वेचलं. दुसरीचे डोळे गोल आणि चकचकीत होते, म्हणून तिला मी बटण म्हणू लागले. तिला मुकादमिणीशेजारी आणलं आणि मधला पत्रा ओढला. बटणने लगेच मान वाकवून जाळीला टेकवली. ही त्यांची विनंती असते. मुकादमिणीचा हात गजांतून बाहेर आला. मानेपासून वीतभर अलीकडे थांबला. मग तिने तो सावकाश मागे घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

अकरा वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. मी म्हटलं, म्हातारी आहे, असते एखाद्या दिवशी तिरसट. चार दिवस ती तशीच बसून राहिली. बटण शेवटच्या दिवसापर्यंत मान टेकवत होती.

मग तिसरी आणली. तिला मुकादमिणीने तासभर वेचलं. चौथीला हात लावला नाही. पाचवीला लावला. सहावी आणली तेव्हा मी पत्रा ओढायच्या आधीच घामाने भिजले होते, आणि व्हायचं तेच झालं.

मी भूतबीत मानणारी बाई नाही. डॉक्टरांना मी सहजच विचारल्यासारखं विचारलं, की जनुकाचा वास येतो का हो? ते म्हणाले, "उंदरांना येतो, ताई. ह्याच जनुकांचा. मुतावरून ओळखतात. का?" मी म्हटलं काही नाही, कुठेतरी ऐकलं. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांची एवढाली यंत्रं चार दिवस घेतात आणि हिचं नाक एका मिनिटात निकाल देतं, एवढंच. मला तर तिचं कौतुकच वाटलं.

पण ते मुकादमिणीपुरतं राहिलं नाही. दोन, चार आणि सहा ओळीत कुठेही ठेवा, दोन्ही बाजूच्या शेजारणी त्यांच्याकडे पाठ करून बसत. टोचल्यापासून पाचव्या महिन्यात चौथी गेली, सातव्यात सहावी. कागदात होतं तसंच घडत होतं.

३

सहावी गेली त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी अडीच वाजता मी नोंदी लिहीत होते. बटणच्या दोन्ही बाजूंना पाठी होत्या. ती मात्र मागच्या पत्र्याकडे मान वाकवून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, जबडा सैल सुटलेला. कोणी वेचत असलं की माकड असं बसतं. मागे नुसता पत्रा होता, त्याच्यामागे भिंत.

मी जवळ गेले. तिच्या मानेवरच्या केसांत एक भांग पडला होता. सरळ, बारीक, आतली गुलाबी कातडी दिसेल असा. मी बघत होते आणि तो भांग डावीकडून उजवीकडे सरकत होता. सरकला, थांबला, पुन्हा सरकला.

वारा, मी म्हटलं. वरच्या झरोक्यातून हवा ओढणारा पंखा आहे. मी कागदी रुमालाची पट्टी फाडली आणि हात लांबवून तिच्या मानेपाशी धरली. पट्टी सरळ लोंबत राहिली. पलीकडे केस हलत होते.

मी आणखी वाकले तशी सगळी हालचाल थांबली. बटणने डोळे उघडले. आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरून मागे, आणि अंग चोरून कोपऱ्यात सरकली. नोंदवहीत मी लिहिलं, वर्तन नेहमीप्रमाणे. दुसरं काय लिहिणार होते?

४

आता घरचं सांगते. घरात नवरा आणि दोन मुली. थोरली बारा वर्षांची, दगड खाऊन पचवेल अशी. धाकटी आठ वर्षांची, तिला वर्षाचे बारा महिने सर्दी. गळ्याच्या गाठी, कानाचं दुखणं, रात्रीचा खोकला. शाळेत दोन दिवस गेली की तीन दिवस घरी. डॉक्टर म्हणायचे मोठी झाली की सुधारेल. प्रत्येक डॉक्टर असंच म्हणतो.

मी तिची आई आहे आणि मला फक्त जाणून घ्यायचं होतं. यात काय पाप आहे? जाणून घेतलं तर काळजी घेता येते, असं मी स्वतःला सांगितलं.

एका सकाळी मी दोघींचे वापरलेले रुमाल बाहीत लपवून आत नेले. त्या खोलीतून काही बाहेर आणायला बंदी आहे, आत न्यायला कोण अडवतंय? थोरलीचा रुमाल जाळीतून मुकादमिणीपुढे धरला. तिने तो घेतला, हुंगला, मांडीवर पसरला आणि त्याच्या घड्या बोटांनी वेचू लागली. मला हसू आलं. मग मी धाकटीचा पुढे केला.

तिचा हात आला आणि वीतभर अलीकडे थांबला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंतीकडे वळली.

दोन्ही रुमाल मी लाल पिशवीत टाकले. ती पिशवी जाळायला जाते. दिवसभराचं काम मी चोख केलं.

५

त्यानंतर घरात काही बदललं, असं मला तरी वाटलं नाही. आईची माया काय नळ आहे, की चावी फिरवली आणि बंद?

शाळेच्या बुटांच्या वेळी मात्र नवऱ्याने टोकलं. मी एकटीच जाऊन दोघींचे बूट आणले होते. थोरलीचे अंगठ्यापुढे दोन बोटं जागा ठेवून, वाढत्या मापाचे. सगळे आईबाप तसेच घेतात.

"अगं, हिचे का असे नेमके मापाचे घेतलेस?" धाकटीच्या पायातला बूट दाबत तो म्हणाला. "चार महिन्यांत बोटं टोचतील."

"चालतील तिला," मी म्हटलं.

"चालतील म्हणजे? ती काय वाढायची थांबणार आहे?"

मी बुटांची खोकी आवरायला घेतली. धाकटी बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

वेण्या घालायचं काम मी थोरलीवर टाकलं होतं. हात भरून येतात, दिवसभर पिंजरे घासते, एवढंही करू नये का मोठ्या बहिणीने? थोरली दोन दिवस करायची, तिसऱ्या दिवशी नाक मुरडायची. "तिच्या केसांना औषधाचा वास येतो." जेवताना ती हळूच पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसू लागली. मग नवराही, धाकटीचा खोकला नको म्हणून. धाकटी एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, मी काही चुकीचं केलं का गं?"

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "जा, झोप."

एक गोष्ट खटकली ती मी आता सांगते, तेव्हा कोणालाच बोलले नव्हते. धाकटी रोज शाळेला नीट दोन वेण्या घालून निघत होती. थोरलीला विचारलं, तर "मी तर आठवड्याभरात हातही लावला नाही." नवऱ्याला साधी गाठ मारता येत नाही.

"मीच घालते माझ्या," धाकटी म्हणाली.

ती दारातून बाहेर पडताना मी मागून पाहिलं. टाळूपासून मानेच्या खाचेपर्यंत भांग एकदम सरळ, आखल्यासारखा. स्वतःच्या डोक्यामागे तसा भांग मलाही पाडता येत नाही. शिकली असेल, मी म्हटलं, मुली आजकाल हुशार असतात.

६

बटण अकराव्या महिन्यात गेली. सकाळी पत्रा ओढला तेव्हा ती मागच्या पत्र्याला टेकून बसलेली होती, मान वाकवून, कडक झालेली. मानेवरचे केस ओळीओळींनी विंचरलेले होते. मी तिला पिशवीत घातलं आणि चिकटपट्टी लावली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी मला बोलावलं. चष्मेवाली तिथेच बसली होती आणि चष्मा काढून डोळे पुसत होती.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "त्या सहा जणींचं रक्त काढलं तेव्हा नळ्यांवरची लेबलं कधी लिहिली होती?"

"आदल्या संध्याकाळी. सगळेच आदल्या संध्याकाळी लिहितात. पिंजऱ्यांच्या क्रमाने."

"आणि रक्त काढलं मंगळवारी."

मला आठवलं. मंगळवार धुण्याचा. धुण्याच्या दिवशी सकाळी टोकाचा पिंजरा बाहेर काढतात, ओळ एक घर पुढे सरकवतात आणि धुतलेला पिंजरा दुसऱ्या टोकाला लावतात. माकडाच्या छातीवर गोंदलेला आकडा वाचून मग नळी भरायची असते. मी ओळीने भरत गेले होते. शिस्त शिस्त म्हणत सोळा वर्षं मिरवली आणि सहाही नळ्या एक घर चुकवल्या.

"म्हणजे आमची फेरतपासणी खरी. कागद उलटा आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन, चार, सहा यांचं जनुक चांगलं होतं. त्यातही ही शेवटी गेली तिचं इतकं चांगलं, की मुकादमिणीनंतर मी पाहिलेलं नाही. हिच्या अंगात विषाणू जवळजवळ नव्हताच, ताई. मग ही मेली कशाने?"

मी तीन नंबरच्या खोलीत गेले. एक, तीन आणि पाच, ज्यांनी मरायला हवं होतं त्या, एकमेकींच्या पाठी वेचत बसल्या होत्या. त्यांच्या रक्तात विषाणू बुजबुजलेला आहे असं डॉक्टर म्हणाले होते. अंगावर मूठभर मूठभर मांस, डोळे चमकदार.

मुकादमिणीला काहीच कळत नव्हतं. ना जनुकाचा वास, ना कोण किती जगणार. कागदातलं या खोलीत मला एकटीला माहीत होतं, आणि ते चुकीचं माहीत होतं. पत्रा ओढायच्या आधी मी बटणला केळ्याचा तुकडा कसा दिला होता ते मला आठवलं. दोन बोटांत धरून, तोंड दुसरीकडे करून. बाकीच्यांशी मी बोलायचे, टाळी वाजवायचे. आणि धाकटीचा रुमाल? तोही मी दोन बोटांतच धरला होता.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. अकरा वर्षं ती माझ्याच तोंडाकडे बघत आली होती.

पण मग भांग कोण पाडत होतं, हे शोधायला मी थांबले नाही.

७

अर्धी सुट्टी टाकून मी निघाले. रस्ताभर एकच घोकत होते, अजून उशीर झालेला नाही. सर्दीच आहे तिला. वाढत्या मापाचे बूट घ्यायचे, मांडीवर घ्यायचं, वेण्या घालायच्या. मीच हे बिघडवलं, मीच ते निस्तरणार. एवढी माया माझ्या मनात त्या दुपारी दाटून आली होती, की सिग्नलला उभी राहून मी रडले.

धाकटी ताप होता म्हणून घरी होती. तिच्या पलंगावर गादी नव्हती. स्वयंपाकघरात तिचं ताट, वाटी आणि पेला नव्हता. मी हाक मारली. मागच्या अडगळीच्या खोलीतून खोकला ऐकू आला.

दार अर्धवट उघडं होतं. गादी तिने तिथे ओढत नेली होती, उशाशी ताट, वाटी, पाण्याचा पेला, घडी घातलेला शाळेचा ड्रेस. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरात कोणी तिला एक वाकडा शब्द बोललेलं नव्हतं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं आणि ती भिंतीकडे मान वाकवून बसली होती, केस मोकळे सोडून. डोळे अर्धे मिटलेले. किती वाळली होती ते मला त्या उन्हात पहिल्यांदा दिसलं. महिनोन्महिने मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

तिच्या केसांत भांग पडत होता. सावकाश, डावीकडून उजवीकडे. त्याच्या खाली, मानेजवळ, दुसरा. आणि कानामागे तिसरा, बारीक, घाईघाईचा, कोणीतरी अजून शिकत असल्यासारखा. त्या वर्षी मी तीनच पिशव्यांना चिकटपट्टी लावली होती.

"बाळा," मी म्हटलं, "मी घालते तुझ्या वेण्या. ये."

केस हलायचे थांबले. धाकटीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या खांद्यामागे बघितलं, आणि गादीवरचा आपला पाय उचलून थोडी बाजूला सरकली. माझ्यासाठी नाही, तिच्या मागे जागा व्हावी म्हणून.

"आई, तू जा ना," ती अगदी हळू म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्या तुला घाबरतात."

माझा हात पुढे झालेला होता. तो मी मागे घेतला. मला रडायला यायला हवं होतं, पण खरं सांगते, मला हलकं वाटलं. आता तिच्याकडे बघणारं कोणीतरी होतं.

दार मीच ओढून घेतलं.